बिल सारखं असलेली रात्र

आमच्याकडे मोठ्या टीव्हीचा रिमोट गल्ल्यात असतो, नोटांच्या शेजारी. तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, हा वडिलांच्या वेळचा नियम. कुठली मॅच लावायची यावरून आवाज चढले की वडील गल्ल्यावरून सगळ्या टेबलांवर एक नजर फिरवायचे, मनातल्या मनात बिलांची बेरीज करायचे, आणि ज्या टेबलाचं बिल जड त्याचं चॅनल लागायचं. तोंडाने मात्र म्हणायचे, "सगळ्यांका होया ता लावलंय." मी पण तेच करत आलो. हे गणित कधी अडलं नव्हतं. १७ डिसेंबर २०२२ च्या शनिवारी अडलं, आणि अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

हॉटेल वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. पुढे पडवी, आत दहा टेबलांचा हॉल. हॉलमध्ये पंचावन्न इंची टीव्ही, त्याला डिशचा बॉक्स. पडवीत बत्तीस इंची, तो मोबाईलच्या नेटवर अॅप लावून चालतो. दुसरा बॉक्स का नाही घेतला, असं लोक विचारतात. घरगुती कनेक्शन हॉटेलात चालवायचं नसतं, आणि हॉटेलवाल्याचा दर ऐकलात तर तुम्हीही बत्तीस इंचीला मोबाईल जोडाल. त्यात तेव्हा कबड्डी एका कंपनीकडे, फुटबॉल दुसऱ्या, आणि त्याच आठवड्यात बांगलादेशात चाललेली आपली कसोटी तिसऱ्या. तिन्हींचे पैसे भरून पावसाळ्यातले चार महिने कोरडे काढून दाखवा म्हणावं.

बाहेरच्यांना वाटतं, मॅच म्हणजे मॅच, लावली की गर्दी. तसं नसतं. क्रिकेट हा हॉटेलवाल्यासाठीच काढलेला खेळ आहे. दर ओव्हरला जाहिरात, जाहिरातीला मान वळते, मान वळली की वेटर दिसतो आणि वेटर दिसला की ऑर्डर सुटते. विकेट पडली तर आपली असो की त्यांची, एक नव्वदी, म्हणजे नव्वद मिली दारू, वाढतेच. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटं कोणी मान वळवत नाही. मध्यंतर झालं की वीस जण एकदम ओरडतात, तव्यावर बांगडे सहाच मावतात, आणि पंधरा मिनिटांत खेळ परत सुरू. म्हणून फुटबॉलच्या रात्री मी उकडलेली अंडी, चणे, सुका जवळा आधीच वाटून ठेवायला सांगतो. कबड्डी तर चाळीस मिनिटांची. मधली विश्रांती, टाइमआउट, पंचांशी वाद सगळं धरलं तरी तासाभरात खेळ खलास. सुरमई तळून टेबलावर येईपर्यंत लोण चढलेलं असतं, म्हणजे एक अख्खा संघ बाद झालेला असतो. कबड्डीवर बिल होत नाही, हे मी पडवीत उभा राहून कुणालाही सांगितलं असतं. सांगितलंही होतं.

आणि भारत हरायला लागला तर काय होतं ते त्याच वर्षी १० नोव्हेंबरला बघितलं. टी-ट्वेंटीची सेमीफायनल, भर दुपारी, हॉल भरलेला. इंग्लंडने एकही गडी न गमावता सोळा ओव्हरमध्ये १७० काढल्या. दहाव्या ओव्हरपासून लोक बिल मागायला लागले. चार प्लेट सुंगटं तव्यावरच राहिली. ती शेवटी आम्ही आणि वेटरांनीच संपवली.

आता तात्या. तात्या एसटीतून रिटायर झालेले, त्याआधी गावच्या मंडळाच्या कबड्डी संघाचे उजवे कोपरारक्षक. उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी, आणि ती कुणाच्या पायाने वाकली ते नावगावासकट सांगतात. रोज साडेसातला येतात, भिंतीकडचं टेबल, एक क्वार्टर, दोन उकडलेली अंडी. बिल ठरलेलं. त्या बिलात रिमोट बसत नाही. कबड्डीचा सीझन सुरू झाल्यापासून ते पडवीतल्या छोट्या टीव्हीसमोर उभ्या उभ्या मॅच बघायचे. तक्रार कधी केली नाही.

त्या शनिवारी ड्राय डे होता. दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, राज्यात सात हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान, आणि त्यात आमची. आदला दिवस बंद, मतदानाचा दिवस बंद, २० तारखेला मतमोजणी, तोही बंद. त्यात १८ ला रात्री साडेआठला फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल. सहा महिन्यांपासून मी त्या रविवारवर डोळा ठेवून होतो. उत्पादन शुल्क खात्याचा माणूस शुक्रवारी रात्री आला, स्टॉकचं रजिस्टर बघितलं, कुलपाला कागदी सील लावलं, माझी सही घेतली आणि "फायनल काय हो, अर्जेंटिनाच जिंकणार" म्हणून निघून गेला. दारू पिण्याच्या पाच रुपयांच्या एकदिवसीय परवान्याचं पुस्तक गल्ल्यात तसंच पडून राहिलं.

जेवण मात्र देता येतं. म्हणून हॉटेल उघडं ठेवलं. वाटलं होतं, माश्या मारत बसू. संध्याकाळी सातलाच हॉल भरला. सरपंच थेट निवडून द्यायचा असल्याने दोन्ही पॅनलनी मुंबईहून गाड्या भरून चाकरमानी आणले होते. घरी बायकामाणसं प्रचाराच्या गप्पांत, पुरुष आमच्याकडे. शिवाय गोव्यातल्या हॉटेलांत कामाला असलेली आमची पोरं मतदानाला रजा टाकून आलेली, बारा जण, निम्म्यांच्या अंगात दहा नंबरची निळी-पांढरी जर्सी.

आठला प्रो कबड्डीची फायनल, वरळीला. जयपूर आणि पुणेरी पलटण. पुणे पहिल्यांदाच फायनलला आलेलं, कप्तान इराणचा फजल अत्राचली. चाकरमान्यांची पंचाईत अशी की ते सगळे मुंबईच्या टीमचे. एकजण कपाळावर हात मारून म्हणाला, "आता पुण्याक सपोर्ट करूचो लागताहा. काय दिवस इले!" तरी करत होते. हॉलमधला टीव्ही मी कबड्डीवर लावला, कारण आठ वाजता दुसरं काही नव्हतंच. तात्या पहिल्यांदाच मोठ्या टीव्हीसमोर, पहिल्या टेबलावर, समोर सोलकढीचा ग्लास. चढाईला कोण उठणार हे खेळाडू उठायच्या आधी सांगत होते. बोनस लाइनला पाय टेकला की नाही, यावर पंचांच्या आधी निकाल देत होते. चाकरमानी त्यांच्याभोवती सरकत गेले.

साडेआठला वर्ल्ड कपातली तिसऱ्या नंबरची मॅच, क्रोएशिया आणि मोरोक्को. ती मी पडवीत अॅपवर लावली. पोरं कुरकुरत बाहेर गेली. आणि नेट बसलं. गावात एक टॉवर, त्यावर अख्खी मुंबई येऊन व्हॉट्सअॅप करत होती. पडद्यावर गोल गोल चक्र फिरत राहिलं. पहिला गोल सातव्या मिनिटाला, दुसरा नवव्याला, दोन्ही बाजूंचा एकेक, आणि पोरांना दोन्ही गोल कळले ते मडगावच्या मित्राच्या फोनवरून.

मग ती आत आली. "बाबूदा, बॉक्सवर फुटबॉल लाव."

सवयीने मी टेबलांवर नजर टाकली. बेरीज करायला गेलो आणि बेरीजच होईना. सगळीकडे सोलकढी, ऑमलेट-पाव, लिंबू सोडा. तात्यांचं बिल आणि बारा पोरांचं बिल, माणशी बघितलं तर सारखं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला स्वतःच्या डोक्याने ठरवायचं होतं, आणि मला ते येत नव्हतं हे तिथेच उभ्या उभ्या लक्षात आलं.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं असावं. म्हणाले, "बाबू, आज माझा नि तेंचा बिल सारख्याच आसा. मगे?"

आवाजात भांडण नव्हतं. खरोखरच विचारत होते.

आता माझी बाजू सांगतो, पटो न पटो. पोरांनी आधीच कबूल केलं होतं, "उद्या फायनलक वीसजण येतलंव, पुढची जागा ठेव." दारू नसताना रविवार भरायचा तर हीच पोरं पाहिजेत. तात्या काय, तात्या रोजचेच. रोजचं गिऱ्हाईक कुठे जात नाही. हा हिशेब मी केला आणि बटण दाबलं. "तात्यानू, पंधरा मिनिटां, पडवीत लावतंय तुमचा." हॉलमध्ये फुटबॉल आणि पडवीत अॅपवर कबड्डी, असं झालं. म्हणजे नेट बसलेलं, चक्र फिरणारा टीव्ही आता कबड्डीला. हे मला दिसत नव्हतं असं नाही.

तात्या उठले, ग्लास उचलला, बाहेर गेले. मागोमाग सगळे चाकरमानी. शेवटची दहा-बारा मिनिटं राहिली असतील. एका चाकरमान्याचा भाऊ वरळीला स्टेडियममध्ये बसला होता. त्याने फोन लावला. पण तिकडे एवढा गोंगाट की भाऊ फक्त आकडे ओरडू शकत होता. "जयपूर एक." "पुणे दोन."

आणि त्या आकड्यांवर तात्यांनी मॅच सुरू केली. "एक म्हणजे बोनस नाय. बोनस आसतो तर एवढी माणसा ओरडली नसती. पाय धरल्यान, डाव्या कोपऱ्यान पाय धरल्यान, मगे चेन इली." पडवीच्या दोन खांबांमध्ये जागा करून घेतली होती. गुडघा नीट वाकत नाही, तरी वाकून दाखवत होते. पुण्याला दोन गुण मिळाले तेव्हा हात लावून परत लाइनीकडे कसं झेपावायचं ते दाखवताना पायरीवर हात आपटला. रस्त्यावरून प्रचाराची शेवटची माणसं चालली होती, तीही थांबली. हॉलमधून दोन पोरं, जर्सीवाली, बाहेर येऊन उभी राहिली. मी गल्ल्यावरून बघत होतो. आत क्रोएशियाने बेचाळिसाव्या मिनिटाला दुसरा गोल मारला तेव्हा हॉलपेक्षा पडवीत माणसं जास्त होती.

सव्वानऊच्या सुमाराला भावाने शेवटचा आकडा ओरडून सांगितला. जयपूर ३३, पुणे २९. २०१४ चा पहिला सीझन जिंकल्यानंतर जयपूरचं हे दुसरं जेतेपद. तात्या बाकावर बसले, सोलकढी संपवली, पैसे माझ्या हातात न देता वेटरकडे दिले आणि गेले.

रविवारचं सांगायलाच पाहिजे. सकाळी भारताने बांगलादेशला १८८ धावांनी हरवलं, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मतदान साडेपाचला संपलं. मी मंडळाचा प्रोजेक्टर आणून अंगणात पडदा बांधला, पुढच्या वीस खुर्च्या दोरी लावून राखून ठेवल्या. एका पॅनलचा कार्यकर्ता येऊन म्हणाला, सगळ्यांच्या ऑमलेटचे पैसे आम्ही देतो, फक्त सांगा कुणी दिले. हात जोडले. मतमोजणी व्हायची होती.

आठ वाजले, सव्वाआठ वाजले, पोरांचा पत्ता नाही. फोन केला तर मागे ढोल वाजत होते. मत टाकून ती आरोंद्याच्या पुलावरून सरळ गोव्यात गेलेली. तिकडे ड्राय डे नाही, पडदा मोठा, आणि दुसऱ्या दिवशी कामावरही तिथेच जायचं होतं. "सॉरी बाबूदा." त्यांची चूक काय म्हणावी? त्यांच्या जागी मीही गेलो असतो. पण मग शनिवारी मी कुणासाठी बटण दाबलं?

त्या वीस खुर्च्यांवर बायका आणि मुलं येऊन बसली. आमच्या हॉटेलच्या अंगणात गावातल्या बायका मी आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या. फ्रान्सच्या एमबाप्पेने ऐंशीव्या आणि एक्क्याऐंशीव्या मिनिटाला दोन गोल मारले तेव्हा ज्या आजी ओरडल्या त्यांना मी देवळात हळू बोलताना ऐकलेलं. पेनल्टी संपायला साडेअकरा झाले. कांदाभजीचं पीठ दोनदा भिजवावं लागलं. गल्ला वाईट नव्हता, पण दारूच्या रविवारच्या पाव हिश्श्याचाही नव्हता, हेही सांगून टाकतो, नाहीतर कुणी म्हणेल बघा, ड्राय डेच बरा.

सोमवारी बार उघडला. तात्या आले नाहीत. मंगळवार ड्राय. मंगळवारी रात्री मी घरी बसून कबड्डीची फायनल पूर्ण बघितली, चाकरमानी गेल्यामुळे नेट छान चालत होतं. तात्यांनी पडवीत दाखवलेल्यातलं निम्मं त्या मॅचमध्ये नव्हतंच. डाव्या कोपऱ्यावरची ती पकड मी मागेपुढे करून शोधली. सापडली नाही.

बुधवारी साडेसातला ते आले. भिंतीकडचं टेबल. मी क्वार्टर पाठवली, आणि न विचारता मोठ्या टीव्हीवर ती मॅच लावली, बरोबर तिथून, जिथून मी बंद केली होती. तिसऱ्या टेबलावर सहा जणांचं जड बिल चाललं होतं, त्यांना बातम्या हव्या होत्या. त्यांना थांबा म्हटलं.

तात्यांनी पडद्याकडे दोन चढायांपुरतं बघितलं.

"ह्या मी बघलंय," म्हणाले. "तेंका होया ता लाव. आणि अंडी दोन उकडूक टाक."