साडेतेरा टन माती

मराठवाड्यातल्या एका लेखकाचं लहानपणीचं घर संग्रहालय म्हणून जपायचं काम सध्या आमच्याकडे आहे. मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचा इंजिनिअर. साहित्यातलं फार कळत नाही, पण काम हातात आल्यावर त्यांचं आठवणींचं पुस्तक नीट वाचून काढलं. काम अर्ध्यावर आहे म्हणून नाव-गाव देत नाही. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेजवळचं गाव, एवढं पुरे.

स्मारक समितीची मंडळी मालगुंडला जाऊन केशवसुतांचं घर पाहून आली होती. 'जसं होतं तसंच करा,' हा त्यांचा आग्रह. आग्रह चांगलाच. पण कोकणातलं छप्पर उतरतं, आमचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, त्यावर फळ्या, मग पाला आणि वर पांढरी माती. ही माती गावाच्या जुन्या पांढरीतून खणून आणायची. मृगाच्या आधी वर नवा थर द्यायचा, गळकं बुजवायचं. जुना थर मात्र कोणी काढत नाही. लेखकाचं अर्धं बालपण या माळवदावर गेलंय: वाळवण राखणं, उन्हाळ्यात वर झोपणं, पावसात गळणाऱ्या जागी खाली घंगाळ मांडणं. पुस्तक वाचून येणारा माणूस आधी माळवदच शोधणार.

त्या दिवशी माजघरावरचं माळवद उघडायला घेतलं. मिस्त्री जवळच्याच गावचे, साठीचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. पोरांनी कुदळी चालवल्या, घमेली खाली येऊ लागली. मातीत खापऱ्या निघत होत्या, एक शंखाच्या बांगडीचा तुकडाही निघाला. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचीच माती, त्यामुळे नवल नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या प्राचीन गावाच्या टेकाडांवर अशाच वस्तू सापडायच्या आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या संग्रहातून तिथलं संग्रहालय उभं राहिलं. आम्ही तुकडे पिशवीत घालून वर खूण लिहिली. समितीचे अध्यक्ष खूश, मांडायला आयतीच वस्तू मिळाली!

माझं लक्ष टेपकडे होतं. माती दोन फूट भरली. खोली पंधरा बाय दहा फूट. कोरडी माती घनमीटरला सोळाशे किलो धरली तरी एकट्या माजघराच्या डोक्यावर साडेतेरा टन. भिजली की त्याहून जास्त.

आकडा मी मोठ्याने सांगितला तसे मामा शिडीवरून खाली आले.

"सर, उतरवायचं काम मी करतो. पर ही माती परत वर चढवायची आसंल तर दुसरा मिस्त्री बगा."

समितीतल्या एकाने समजावलं, "मामा, इथं कोण राहणार आहे? संग्रहालय आहे हे."

"ऱ्हानार न्हाईत, पर येनार तर हायेत. शाळंची पोरं आनताल. ती कुटं हुबारतील? ह्याच्याच खाली."

यावर कोणी बोललं नाही, कारण तिथल्या प्रत्येकाला भूकंपाची तारीख माहीत होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात दगडमातीच्या जाड भिंती फुटल्या आणि माळवदं अंगावर आली. हजारो माणसं गेली. मामा तेव्हा ऐन तिशीत, ढिगारे उपसायला गेले होते. "दगडानं मेले त्याहून मातीनं जास्ती," एवढंच ते म्हणाले.

आमचं घर तेव्हा पडलं नाही, कारण माळवदाचा भार भिंतींऐवजी सागवानी खांबांवर आहे. मागची भिंत तेवढी फुगली. भिंतीच्या आरपार जाणारा एकही दगड नाही तिच्यात. आतली बाजू वेगळी, बाहेरची वेगळी, मध्ये भर.

मी सुचवलं: लाकूड तेच ठेवू, त्यावर पाणी अडवणारा कागद आणि वर चार इंच पांढरी माती. भिंतीत आरपार दगड घालू. अध्यक्ष नाराज. "मग ते मूळचं कसं राहिलं?"

मूळचं म्हणजे कोणत्या सालचं? पुस्तकातलं माळवद १९४५च्या आसपासचं आहे. आज जी दोन फूट माती आहे, तिच्यातली बरीचशी नंतरच्या पावसाळ्यांची भर. लेखक ज्यावर झोपले ते माळवद यापेक्षा पातळच असणार. म्हणजे माती कमी केली तर आपण त्यांच्या लहानपणाच्या जवळ जातो, लांब नाही. हा मुद्दा खुद्द मलाही तिथं बोलता बोलताच सुचला, पण पटला सगळ्यांना. कोठीच्या खोलीवर तेवढे जुने थर राहू द्यायचे, एका कडेने उभा छेद दिसेल असे. तिला खालून जादा टेकू द्यायचे आणि आत कोणाला सोडायचं नाही, असं ठरलं. मामा पुन्हा शिडी चढले.

आता समितीने नवा प्रश्न काढलाय: लोकांना माळवदावर जाऊ द्यायचं का? पुस्तकात सगळं वरच घडतं, तेव्हा जाऊ द्यायलाच हवं. माझ्या हिशेबाने एका वेळी पंधरा माणसं चालतात. मामा म्हणतात दहा, आणि जिन्याशी कायम एक माणूस बसवा. मी दहाच लिहून दिलेत.