विमान बदललं, बेस गेला, आणि मध्ये एक फॉर्म आला

माझ्या चौदा महिन्यांची वाट एका पानाच्या फॉर्मने लावली, हे आधीच सांगून टाकते. नवीन विमान शिकणं त्या मानाने सोपं गेलं.

कंपनीने ठरवलं की बोइंग 737-800 टप्प्याटप्प्याने काढायची आणि एअरबस ए321 निओ आणायची. प्रवाशाला फार तर सीट वेगळी दिसते. वैमानिकाचं मात्र बिऱ्हाड हलतं. आम्ही साधारणपणे एका वेळी एकाच प्रकारचं विमान उडवतो, आणि ते विमान जिथे रात्री मुक्कामाला असतं तिथेच आमचा बेस. नव्याने आलेली पाच-सहा विमानं कंपनी चार बेसवर वाटत बसत नाही. वाटली तर प्रत्येक ठिकाणी त्या टाइपचे स्टँडबाय वैमानिक वेगळे, सुटे भाग वेगळे, इंजिनिअर वेगळे. म्हणून पहिला घास एकाच बेसला. तो बेस आमचा नव्हता. आमच्याकडची 737 मात्र सर्वांत आधी जाणार होती.

मग आला पसंतीचा फॉर्म. दहा ओळी, प्रत्येक ओळीत तीन रकाने: विमान, सीट (कॅप्टनची की फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सह-वैमानिकाची), बेस. मी पहिल्या ओळीत लिहिलं: ए321, फर्स्ट ऑफिसर, माझा सध्याचा बेस. तिथे ए321 पुढेमागे येणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. बाकी नऊ ओळी मोकळ्या सोडल्या. मला दुसरीकडे जायचंच नव्हतं, मग लिहायचं कशाला?

निकाल लागला: 737, फर्स्ट ऑफिसर, ज्या बेसवर जायला कुणीही तयार नव्हतं तो बेस.

क्रू प्लॅनिंगला फोन लावला.

"मॅडम, तुमची पसंती अमान्य झाली."

"अमान्य कशी? मी त्याच बेसवर आहे."

"हो, पण तिथे ए321ची जागा अजून निघालेली नाही."

"निघणार आहे ना?"

"विमान आलं की निघेल."

"विमान कधी येणार?"

"ते आमच्याकडे नसतं, मॅडम."

फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात दोन नियम होते. एक, बिड (पसंती मागवण्याची फेरी) बंद होण्याच्या तारखेला ज्या जागा जाहीर आहेत त्यांचाच विचार होईल. दोन, रिकाम्या ओळीचा अर्थ 'कुठेही चालेल'. म्हणजे मी जे ठासून नको म्हणत होते, त्यालाच कागदावर होकार दिला होता. दुरुस्ती करा म्हटलं, तर उत्तर आलं, पुढच्या बिडमध्ये भरा. पुढचं बिड तीन महिन्यांनी होतं. नवीन विमानांची डिलिव्हरी लांबली, म्हणून ते पाच महिन्यांवर गेलं. मग पुन्हा लांबलं. कारखान्यात एक विमान अडकलं की इकडे शंभर माणसांची घरं अडकतात, हे मला तोवर कळलं नव्हतं.

सीनियॉरिटी नंबर (ज्येष्ठतेच्या यादीतला क्रमांक) कशाला म्हणतात तेही तेव्हाच कळलं. 2020 मध्ये डेल्टाने आपली बोइंग 777 विमानं सेवेतून काढली, तेव्हा प्रश्न फक्त 777 उडवणाऱ्यांचा नव्हता. वरचे ज्येष्ठ लोक दुसऱ्या विमानावर येतात, तिथल्यांना खाली ढकलतात, ते आणखी खालच्यांना. रांगेच्या शेवटी असलेल्या माणसाला धक्का बसतो, आणि त्याने ते विमान कधी पाहिलेलंही नसतं. आमच्याकडेही तसंच झालं. माझा नंबर मधला, पण रिकाम्या ओळींमुळे मी स्वतःहून रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिले होते.

ते चौदा महिने मी सुट्टीच्या दिवशी स्टाफ तिकिटावर घरी जायचे. सीट रिकामी असेल तर. नसेल तर दुसऱ्या फ्लाइटची वाट पाहायची, आणि ड्यूटीच्या आदल्या दिवशी परतायचं, कारण विश्रांतीचे तास भरले पाहिजेत. दोन दिवसांच्या सुट्टीतले दहा-बारा तास विमानतळावरच जायचे. वैमानिक असून विमानात जागा मिळत नाही, याचं घरच्यांना फार हसू यायचं. मला येत नव्हतं.

हो, एक सांगायचं राहिलं. ट्रेनिंग फ्रीझ किती वर्षांचा ते आधी वाचा. नवीन टाइप घेतला की काही वर्षं दुसऱ्या टाइपसाठी बिड करता येत नाही, पण त्याच टाइपवर बेस बदलण्याला आमच्याकडे फ्रीझ नव्हता. हे आधी कळलं असतं तर मी पहिल्याच फेरीत दूरच्या बेसवरचं ए321 मागितलं असतं आणि तिथून घरी बदली घेतली असती. विमान आज कुठे आहे हे बघू नका, उद्या कुठे येणार ते बघून टाइप धरा. आणि भाड्याच्या घराचा करार पक्की तारीख हातात आल्याशिवाय करू नका. निकालावर 'लवकरच' लिहिलेलं असेल तर ती तारीख नव्हे.

शेवटी बिड उघडलं, माझ्या बेसवर जागा निघाल्या, मी दहाच्या दहा ओळी भरल्या आणि पहिलीच मिळाली. ग्राउंड स्कूल (वर्गातला अभ्यास), सिम (सिम्युलेटर), लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष फेऱ्यांवरचं प्रशिक्षण), सगळं सुरळीत. ए320 कुटुंबातून (ए321 त्यातलंच) ए330 वर जाणाऱ्यांना छोटा कोर्स पुरतो, कॉकपिट बरंचसं सारखं असतं. बोइंगवरून येणाऱ्याला पूर्ण टाइप रेटिंग (त्या विमानाचा परवाना) करावं लागतं. सिममध्ये पहिला आठवडाभर माझा अंगठा साइडस्टिकवर (विमान वळवायच्या दांड्यावर) ट्रिमचं, म्हणजे विमानाचं नाक हवं तिथे टिकवायचं, बटण शोधत होता. तिथे ते नसतंच, विमान स्वतः ट्रिम करतं. आणि ऑटोथ्रस्टवर, म्हणजे इंजिनची ताकद विमान स्वतः सांभाळतं तेव्हा, थ्रस्ट लिव्हर जागचे हलत नाहीत, याची सवय व्हायला आणखी थोडे दिवस गेले.

काल एका ज्युनिअरचा फोन आला. आता त्याच्या बेसवरची 737 चालली आहेत. "ताई, फॉर्म भरलाय, आजच पाठवतो," म्हणाला.

"किती ओळी रिकाम्या आहेत?"

"सात. मला तिकडे जायचंच नाहीये ना."

"मागची बाजू वाच," म्हटलं. "मोठ्याने. मी फोनवर आहे."