पिवळी पडलेली पांढरी पूड

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा निरोप आला आणि मी लगेच हो म्हटलं. शाळेबद्दल लिहायचं ठरवून बसलो, पण लेखणी सरांपाशीच अडली. आमच्या बॅचला 'सर' म्हटलं की आणखी काही सांगावं लागत नाही. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

आठवीचा तास. सरांनी परीक्षानळीत चिमूटभर पांढरी पूड घेतली, झिंक ऑक्साईड, आणि नळी बर्नरवर धरली. बघता बघता पूड पिवळी झाली. मी बाकावरून ओरडलो, "रासायनिक बदल!" रंग बदलला की रासायनिक, हे माझं पाठ होतं. सर काही बोलले नाहीत. नळी स्टँडला लावली आणि फळा पुसायला लागले. थोड्या वेळाने वळून म्हणाले, "काय रे, तुझं उत्तर कुठं गेलं?" नळीत पूड पुन्हा पांढरी! वर्ग हसला. सर हसले नाहीत, हे मला आजही आठवतं.

पुढच्या तासाला मोरचूद. निळे खडे तापून पांढरे पडले. नळी गार झाल्यावर सरांनी ड्रॉपरने दोन थेंब पाणी सोडलं, पुन्हा निळं. आता मी शहाणा झालो होतो. "परत आलं, म्हणजे भौतिक!" सरांनी मला पुढे बोलावलं. तापवताना नळीच्या तोंडाशी पाण्याचे बारीक थेंब जमले होते, ते दाखवले. मग नळीचं बूड माझ्या बोटांत दिलं. पाणी गारच होतं, तरी काच चांगली कोमट लागत होती. "आत पाणी नुसतं भिजवायला गेलं असतं, तर ही ऊब कुठून आली?" खड्यातलं स्फटिकजल निघून गेलं तेव्हा निराळा पदार्थ उरला होता आणि पाणी पुन्हा जोडलं गेलं तेव्हा पहिला परत आला. म्हणजे परत येणारा बदलही रासायनिक असू शकतो. रंगाला विचारू नकोस, पदार्थ तोच आहे का ते विचार, एवढंच सर म्हणाले.

पुढे कळलं, की झिंक ऑक्साईड खूप तापलं की त्यातला अगदी किंचित ऑक्सिजन निसटतो आणि गार होताना परत येतो. म्हणजे तिथंही 'भौतिक' म्हणून मोकळं होता येत नाही. सरांना हे सांगायचं राहून गेलं. ते खूश झाले असते.

आज मी कापडाच्या रंगांच्या प्रयोगशाळेचा प्रमुख आहे. तक्रार आली की नव्या मुलांना मी आधी विचारतो, कापड ओलं होतं का? ओलं कापड गडद दिसतं, वाळलं की पूर्ववत, रंगाला काहीच झालेलं नसतं. उन्हात विटलेलं मात्र कितीही धुतलं तरी परत येत नाही, तिथे रंगाचा रेणूच मोडलेला असतो. मुलं अहवालात घाईने 'रासायनिक' लिहून आणतात. मी लाल रेघ मारत नाही, समासात फक्त प्रश्नचिन्ह काढतो. ते सरांचंच.

मागच्या वर्षी शाळेत गेलो होतो. प्रयोगशाळेत मोठा पडदा लागलाय, त्यावर मोरचूद फार सुरेख निळं होतं. नळ्या कपाटात आहेत, कुलूप लावलेलं. नळी कोमट लागते, हे त्या मुलांना कोण सांगणार?