सारंगखेड्याच्या घोडेबाजारात

दोंडाईचाहून शहाद्याच्या रस्त्याला लागलं की तापीकाठी नंदुरबार जिल्ह्यातलं सारंगखेडा लागतं. दत्तजयंतीला इथल्या एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरे, रांगाच्या रांगा. लोक उंची, रंग आणि रेवाल चाल, म्हणजे स्वाराला धक्के न देणारी चाल, बघतात. मला मात्र घोडे काय बोलतात ते बघायचं होतं.

मारवाडी घोड्याजवळ हे शिकणं सोपं जातं. त्याचे आत वळलेले, टोकाला टोक भिडवणारे कान लांबूनही नजरेत भरतात. घोडा प्रत्येक कान वेगळा, जवळजवळ १८० अंशांत फिरवू शकतो. कान जिकडे, लक्ष तिकडे.

एका कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडीला तिचे मालक खरारा करत होते. हात लावू का, असं विचारलं, तर म्हणाले, "आधी कान बघा ताई, मग हात पुढं करा. आणि खांद्याच्या बाजूनं या, बोलत बोलत या." घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यानं त्याला जवळपास चौफेर दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. तिथून अचानक कुणी आलं की तो बिचकणारच.

घोडीनं एक कान माझ्याकडे वळवला, दुसरा काकांकडेच ठेवला. नाकपुड्या फुलवून माझा हात हुंगला. मग काकांनी आयाळ संपते तिथं खाजवायला सांगितलं. घोडेही एकमेकांना तिथंच दातांनी खाजवतात, आणि तिथं खाजवलं की त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे अभ्यासकांनी मोजून पाहिलंय. बघता बघता तिची मान खाली आली, खालचा ओठ सैल पडून थरथरू लागला, मागचा एक पाय तिनं नुसता खुराच्या टोकावर टेकवला. हे सुख मला तिच्याकडून मिळालं, असंच मी म्हणेन.

"विकायला आणलीय, पण घेणाऱ्याला आधी हिच्याजवळ उभं करतो," काका म्हणाले. "हिनं कान मागं पाडले तर सौदा नाही."

पलीकडे ढोलाच्या तालावर एक घोडा नाचवत होते. डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं, जबडा आवळलेला, शेपूट सारखी फटकारत होता. लोक टाळ्या वाजवत होते. मला बघवेना. तो घोडा अंगभर "नको" म्हणत होता.

यात्रेला जाणार असाल तर भल्या सकाळी जा. तेव्हा घोड्यांच्या तोंडाला दाण्याचे तोबरे चढवायची वेळ असते, गर्दी नसते आणि मालकांना बोलायला सवड असते.