एक चुकलेली गोळी

शुक्रवार, रात्र.

औषधाच्या दुकानातला मुलगा वाईट काहीच बोलला नाही, हे आधी लिहून ठेवते. त्याने चिठ्ठी पाहिली, मागच्या फळीवरून दोन पट्ट्या काढल्या, मुदतीची तारीख दाखवली आणि कागदी पाकिटात घालता घालता सहज म्हणाला, "मॅडम, ह्या हल्ली सगळ्यांनाच देतात, काळजी करू नका." मला धीर द्यावा, एवढेच त्याच्या मनात असणार. पण नळ स्टॉपच्या सिग्नलला येईपर्यंत ते वाक्य माझ्या घशात अडकले होते आणि आज चौथा दिवस आहे, ते अजून खाली उतरलेले नाही.

पट्ट्या फ्रिजवरच्या टोपलीत पडून आहेत. एकही गोळी फोडलेली नाही.

मंगळवारी सोनोग्राफीत सहा आठवडे दोन दिवस निघाले. आधार कार्ड दिले, एफ फॉर्मवर सही केली, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी तीनदा वाचली, कारण समोर दुसरे काही वाचण्यासारखे नव्हतेच. मग त्या करड्या धुरात तांदळाच्या कणीएवढे काहीतरी लुकलुकताना दिसले. ठोके ११८. डॉक्टरांनी ते मला दोनदा ऐकवले. मागच्या वेळचे त्या विसरलेल्या नाहीत. नंतर खुर्चीवर बसून त्यांनी चिठ्ठी लिहिली, "मागचा अनुभव आहे, तेव्हा सपोर्ट म्हणून हे चालू करू," असे म्हणाल्या आणि हार्मोनच्या एका गोळीच्या नावापुढे १-०-१ लिहून बारा आठवड्यांपर्यंत अशी रेघ ओढली. फॉलिक ॲसिडची गोळी मी गेले तीन महिने निमूट घेते आहे, तिच्याबद्दल मनात कधी शंकाही आली नाही. अडले ते ह्या दुसऱ्या ओळीपाशी.

मागच्या वेळीही हीच गोळी होती, हेच १-०-१ होते, आणि मी ती घड्याळ लावून घेत होते. एकच चुकली. वाईला केळवण होते, पट्टी घरी राहिली, येताना खंबाटकीच्या बोगद्याअलीकडे दोन तास गाडी अडकली आणि घरी पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. दमले होते, तशीच झोपले. त्यानंतर अकरा दिवसांनी नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके नव्हते. दवाखान्यातून घरी आल्यावर सासूबाईंनी पाण्याचा पेला हातात दिला, जवळ बसल्या आणि अगदी हळू आवाजात विचारले, "अगं, गोळी-बिळी काही चुकली नव्हती ना?" मी नाही म्हणाले. सरळ खोटे बोलले. त्यांनी मला दोष दिला नाही, तो विषय पुन्हा काढलाही नाही, आणि त्यामुळे ते खोटे तिथल्या तिथे गोठून राहिले आहे.

म्हणून गेले चार दिवस मी वाचते आहे. निखिल म्हणतो, तू औषधाची माहिती वाचत नाहीस, खटला चालवते आहेस. त्याचे खरे आहे.

वाचले ते असे. सुरुवातीचे आठवडे गर्भ तगून राहतो तो प्रोजेस्टेरॉन ह्या हार्मोनवर, आणि ते तयार होते अंडे सुटल्यावर अंडाशयात उरणाऱ्या पीतपिंडात. पुढे सातव्या ते दहाव्या आठवड्याच्या दरम्यान वार, म्हणजे प्लॅसेंटा, ते काम हळूहळू आपल्याकडे घेते. पीतपिंड सातव्या आठवड्याच्या आत काढून टाकले तर गर्भ पडतो, हे प्रत्यक्ष पाहिलेले आहे. तेव्हा हार्मोन बाहेरून द्यावे, ही कल्पना अगदीच वेडगळ नाही. पण हार्मोन कमी पडले म्हणून गर्भ गेला, की गर्भ जायचाच होता म्हणून हार्मोन उतरले, हे रक्ताच्या तपासणीतून उलगडत नाही, आणि लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो, ज्याच्यापुढे कुठलीही गोळी काही करू शकत नाही.

ह्या हार्मोनची नीट परीक्षाही झालेली आहे. ज्यांचे तीन किंवा अधिक गर्भ कारण न कळता गेले होते अशा ८३६ बायकांवर ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१५ साली आला: हार्मोन घेणाऱ्यांपैकी ६५.८ टक्के जणींना मूल झाले, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ६३.३ टक्के जणींना, म्हणजे फरक धरण्याजोगा नाही. त्या अभ्यासाचे नाव 'प्रॉमिस' होते. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावे! नंतर २०१९ मध्ये 'प्रिझम' आला. त्यात ब्रिटनमधल्या ४८ रुग्णालयांतल्या, सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव झालेल्या ४,१५३ बायका होत्या. सगळ्यांचा हिशेब केला तर ७५ टक्के विरुद्ध ७२ टक्के, पुन्हा काठावरच. पण ज्यांचे आधी तीन किंवा अधिक गर्भ गेले होते त्यांच्यात ७२ विरुद्ध ५७. त्यावरून २०२१ साली उपचार कसे करावेत हे सुचवणाऱ्या तिथल्या 'नाइस' ह्या संस्थेने शिफारस केली की आधी गर्भ गेलेला असेल आणि आता रक्तस्रावही होत असेल, तर प्रोजेस्टेरॉन द्यावे. तेही ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, योनीमार्गात ठेवायचे. माझ्या चिठ्ठीतली गोळी तोंडाने घ्यायची, दहा मिलिग्रॅमची, त्याच घराण्यातली पण कृत्रिम.

आता मी कुठे बसते? गर्भ एकच गेला. रक्ताचा थेंब नाही. प्रॉमिसमध्ये मला कुणी घेतले नसते, प्रिझमच्या दारातूनही परत पाठवले असते. बुधवारी रात्री तिसऱ्यांदा उठून न्हाणीघरातला दिवा लावला, कपडे तपासले, काहीच नव्हते, आणि क्षणभर मला वाईट वाटले. डाग दिसला असता तर नियमात बसले असते, गोळी फोडली असती आणि शांत झोपले असते, असा तो विचार होता. पोटातल्या कणीच्या आईला सुचलेला हा विचार. दिवा बंद करून मी बराच वेळ तिथेच अंधारात उभी राहिले.

पण खरी गोम आकड्यांत नाही, हे मला काल दुपारी भाजी निवडताना कळले. गोळीत ताकद असेल तर खंबाटकीच्या रात्रीची गुन्हेगार मी. गोळीत ताकद नसेल तर मी निर्दोष, पण मग आज ती घेऊन काय उपयोग? मागच्यासाठी गोळीवर अविश्वास हवा आणि पुढच्यासाठी विश्वास हवा, आणि दोन्ही एकाच पट्टीवर. चार दिवस मी अभ्यास करत नव्हते, आधी सुटकेचा पुरावा गोळा करत होते आणि मग तोच पुरावा घाबरून परत फाईलमध्ये सारत होते. हे कळल्यावर मेथीची अर्धी जुडी देठांसकट कढईत गेली. सासूबाई जेवताना म्हणाल्या, "आज मेथी अंमळ राकट झालीये." मी होय म्हणाले.

माझ्या आईला फोन केला तर तिने एका वाक्यात निकाल दिला. "तुझ्या वेळी मी दर आठवड्याला इंजेक्शन घेतले, म्हणून तू आहेस." ह्यावर काय बोलणार? तिच्या बाजूचा जिताजागता पुरावा म्हणून मीच फोनवर हजर. इंजेक्शन घेतले नसते तरी मी झाले असते का, हे सांगायला ती दुसरी मुलगी कुठून आणायची?

त्याच रात्री वाचता वाचता मी एका जुन्या कहाणीपाशी पोचले. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ साली तयार झाले आणि पुढच्या दशकापासून गर्भ टिकावा म्हणून अमेरिकेत बायकांना सर्रास दिले जाऊ लागले. १९५३ मध्ये शिकागोतल्या एका अभ्यासात त्याचा उपयोग होत नाही असे दिसले, तरी चिठ्ठ्या लिहिल्या जातच राहिल्या. १९७१ मध्ये त्या बायकांच्या तरुण मुलींत आढळलेला योनीमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग ह्या औषधाशी जोडला गेला, तेव्हा कुठे गरोदरपणात ते देऊ नये अशी ताकीद निघाली. माझे औषध ते नव्हे. ते इस्ट्रोजेन होते, हे प्रोजेस्टेरॉनच्या घराण्यातले आहे, आणि भीती घालायला मी हे लिहीत नाही. मला त्या मधल्या अठरा वर्षांचे नवल वाटले. त्या अठरा वर्षांत कुठल्यातरी दुकानाच्या फळीपुढे उभ्या असलेल्या मुलाने कितीतरी जणींना सांगितले असेल, की ह्या हल्ली सगळ्यांनाच देतात.

आज संध्याकाळी न राहवून दवाखान्यात गेले. पालख्या पुढे गेल्या, रस्ते मोकळे झाले, तेव्हा न जाण्याची सबबही उरली नव्हती. (सासूबाई दर वर्षी मला दर्शनाला ओढून नेतात, ह्या वर्षी "गर्दीत तू नको येऊस," एवढेच म्हणाल्या आणि फ्रिजमधली पपई शेजारच्या वहिनींकडे देऊन आल्या. आम्ही त्यांना अजून काहीही सांगितलेले नाही.) चार दिवस गोळी घेतली नाही, हे मी डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगितले, आणि ते सांगितल्यावर वाईची रात्रही आपोआप बाहेर पडली. त्यांनी लिहिणे थांबवले, पेनाचे टोपण लावले.

"एका गोळीने ते गेलेले नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या घेतल्या असत्या तरी बहुधा तेच झाले असते."

मग ही कशाला दिलीत, असे मी विचारले. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण बाहेरच्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बारीक केला.

त्यांनी राग मानला नाही. म्हणाल्या, रक्त दिसत नसताना ह्या गोळीने फायदा होतो असे ठामपणे सांगता येत नाही. पण एकदा हातचे गेलेल्या बाईला रिकाम्या हाताने घरी पाठवणे त्यांना जड जाते, आणि पुढे काही झाले तर "डॉक्टर, तुम्ही काहीच दिले नाहीत," हे वाक्य त्यांनी फार वेळा ऐकले आहे. तुम्हाला नको असेल तर माझा आग्रह नाही, मात्र डाग दिसला तर रात्री दोन वाजताही फोन करायचा, तेव्हा वाट पाहायची नाही आणि तेव्हाचे औषधही वेगळे असेल. आणि फॉलिक चुकवायची नाही.

म्हणजे सपोर्ट लागत होता तो आम्हा दोघींना. मला हसू आले, आणि ते त्यांना दिसले तरी त्याही हसल्याच.

घेणार नाही, असे ठरवून उतरले. पायऱ्या संपेपर्यंत दोनदा मन फिरले. पट्ट्या न कापलेल्या आहेत, बिल आहे, तेव्हा दुकानातला मुलगा त्या परत घेईल. तरी तूर्त टोपलीतच ठेवल्या आहेत.

सोमवार.

आज सात आठवडे एक दिवस. रात्री न्हाणीघराचे खेटे दोनांवरून एकावर आले आहेत.

सासूबाईंना सांगितले, दोन्ही गोष्टी. पहिली त्यांना ठाऊकच होती. दुसरी ऐकून त्या थोडा वेळ शेंगा सोलत राहिल्या, मग म्हणाल्या, "मी विचारायलाच नको होते गं तेव्हा." मला वाटत होते की एवढे ऐकले की मोकळे वाटेल. तसे काही झाले नाही. आम्ही दोघींनी मिळून शेंगा संपवल्या.

निखिलने मंगळवारीच आपल्या फोनवर रात्री नऊचा गजर लावून ठेवला होता, 'गोळी' असे नाव देऊन. तो बंद कर म्हटले तर राहू दे म्हणतो. नऊला गजर होतो, तो माझ्याकडे पाहतो, मी त्याच्याकडे पाहते, आणि आता उठलोच आहोत तर काहीतरी करावे म्हणून तो स्वयंपाकघरात जाऊन विरजण लावतो. आज त्याने गजराचे नावही बदलले. दही मात्र अजून नीट लागत नाही. दूध फार गरम असते, हे त्याला चारदा सांगून झाले.