मुक्तिनाथ, जोमसोमवरून पायी

आळंदी-पंढरपूर बरीच वर्षं चालतोय, पण आईच्या देवघरातला शाळिग्राम ज्या नदीतून आला त्या काली गंडकीच्या काठाने एकदा तरी पायी जायचं असं कधीपासून मनात होतं, शेवटी ऑक्टोबरात योग आला आणि मी नि आत्या नेपाळमध्ये जोमसोमवरून मुक्तिनाथला चालत गेलो.

पोखरा एकदम हिरवंगार, तिथे वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस, आणि अन्नपूर्णेच्या मागे जोमसोमला पोचलं की सगळं करडं, उघडंबोडकं, तीनशे मिमी पण पडत नाही. आपल्याकडे महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव कोरडं राहतं ना, तसंच, फक्त इथे मधली भिंत आठ हजार मीटरची. घरांची छपरं मातीची आणि सपाट, कडेने सरपण रचलेलं.

आदल्या रात्री लॉजवाल्या दिदीने बजावलं होतं, "दाइ (दादा), आमाला (म्हणजे आईला, तिने आत्यालाच आई म्हटलं) घेऊन पहाटेच निघा, नंतर वारा सुटतो." आम्ही निघालो पण पात्रात शाळिग्राम शोधत रमलो आणि अकराच्या सुमाराला तो वारा आलाच. वर मुस्तांगचं पठार उन्हाने तापतं आणि खालची हवा या अरुंद खोऱ्यातून वर ओढली जाते, रोज, संध्याकाळपर्यंत, म्हणून जोमसोमची विमानं पण सकाळीच उडतात. वाळू गालावर सुईसारखी टोचते हो. आत्या पदर तोंडाला बांधून "ज्ञानोबा माउली तुकाराम" म्हणत चालत राहिली, आवाज दोन पावलांवर पण ऐकू येत नव्हता.

पण तो दगड. काळाभोर, अंड्याएवढा, आधीच दोन भागांत उकललेला. आत गोल गोल फिरत गेलेल्या बारीक कंगोऱ्यांचं चक्र, ओलं करून उन्हात धरलं की चमकतं. शाळिग्राम म्हणजे अमोनाइट, समुद्रातल्या प्राण्याचं जीवाश्म, कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे टेथिस समुद्र होता, भारताचा भूखंड आशियाला धडकला आणि तो तळच वर उचलला गेला. आज या देशाला कुठूनच समुद्र लागत नाही आणि त्याच्या नदीत समुद्राची खूण सापडते, मला तर भरून आलं. दोन्ही तुकडे परत पाण्यात ठेवले.

कागबेनीला संगमावर आत्याने आजी-आजोबांचं श्राद्ध केलं. 2023 च्या ऑगस्टमध्ये याच गावात पूर आला, घरं वाहून गेली. इतक्या कोरड्या मुलखात, मातीच्या घरांवर असा पाऊस म्हणजे काय होत असेल, विचार करूनच पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी खरी चढण. कागबेनी साधारण 2,800 मीटर, मुक्तिनाथ 3,700 च्या वर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंच, दहा पावलं चाललं की थांबायचं. वर 108 धारांचं पाणी इतकं गार की डोकं बधिर होतं, आत्या तरी एकेक धारेखालून गेली, एकही सोडली नाही.

मग ज्वालामाईला गेलो. जमिनीतून येणाऱ्या गॅसची निळसर ज्योत, अगदी पाण्याला लागून. तिथल्या बौद्ध भिक्षुणीने छोटा पडदा बाजूला करून दाखवली. आत्या गुडघ्यांवर वाकून बघत हळूच "पांडुरंगा" म्हणाली, ती बाई हसली, आणि आत्या उठेपर्यंत पडदा तसाच धरून राहिली.