तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्यांच्या लहानपणीचे गुप्त बिल्ले मी का जमवते?

घरी येणारा पाहुणा चहा संपेपर्यंत दम धरतो आणि मग बैठकीतल्या काचेच्या कपाटाकडे बघून विचारतोच, "हे सगळं तुमच्या लहानपणीचं का हो?" माझं लहानपण साताऱ्यात गेलं. कपाटातल्या वस्तू त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेतल्या मुलांच्या घरी टपालाने पोचल्या होत्या. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तुमचा त्यांच्याशी संबंध काय? कशाला जमवता?" विचारणारे इतके झाले, की एकदा बसून नीट उत्तर लिहावं म्हटलं.

आधी वस्तू काय आहेत ते सांगते. तळहातावर मावतील असे पितळेचे आणि प्लास्टिकचे बिल्ले. प्रत्येकावर फिरणारी चकती. एका कड्यावर इंग्रजी मुळाक्षरं उलटसुलट क्रमाने बसवलेली, दुसऱ्यावर १ ते २६ आकडे. यांच्यावर गुप्त संदेश लिहायचे आणि आलेले सोडवायचे. आणि मी ते जमवते याचं कारण असं, की कंपन्यांनी माल खपवण्यासाठी मुलांना जे काही वाटलं, त्यात हे बिल्ले खरोखर चालतात. मुलाला खोटं खोटं हेर व्हायला लावून ते थांबत नाहीत, खरं काम त्याच्या हातात देतात. दहा वर्षांच्या पोराला कुणी इतकं गंभीरपणे घेतलेलं मला दुसरीकडे फारसं दिसलं नाही.

आता थोडा इतिहास. १९३० साली शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओ केंद्रावर अनाथ ॲनीची मालिका सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती देशभर ऐकू येऊ लागली. वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेतली ही मुलगी संध्याकाळी पंधरा मिनिटं घराघरांत यायची. प्रायोजक होतं ओव्हल्टिन. मूळचं स्वित्झर्लंडचं हे माल्टचं पेय अमेरिकेत बनायचं ते शिकागोच्या पश्चिमेला, व्हिला पार्क गावातल्या कारखान्यात. (कारखान्याची इमारत अजून उभी आहे, आता तिथे लोक राहतात.) ओव्हल्टिनचा डबा उघडला की झाकणाखाली पातळ सील असायचं. ते सील, कधी त्याच्या जोडीला दहा सेंटचं नाणं, पाकिटात घालून पाठवलं की मूल ॲनीच्या गुप्त मंडळात दाखल. १९३४ मध्ये सभासदांना साधा बिल्ला मिळाला. १९३५ मध्ये त्याला फिरती चकती आली आणि १९४० पर्यंत दर वर्षी नवा बिल्ला निघत राहिला.

कंपनीचा यात हिशेब होता, तो लपवायचं कारण नाही. कार्यक्रम किती मुलं ऐकतात हे कळायला त्या काळी सोपा मार्ग नव्हता. आलेलं प्रत्येक पाकीट म्हणजे ऐकणारं एक मूल आणि खपलेला एक डबा, दोन्हींचा पुरावा एकाच वेळी. नवं वर्ष, नवा बिल्ला, नवा डबा. पण म्हणून त्या मुलांना फसवलं असं मला वाटत नाही. पाकीट पाठवणाऱ्या मुलाला मिळणारी वस्तू टिकाऊ असायची. आज ऐंशी-नव्वद वर्षांनी माझ्या कपाटातली चकती बोटाने फिरवली तर ती फिरते.

१९४० मध्ये ओव्हल्टिनने ॲनीला सोडलं आणि कॅप्टन मिडनाइट या वैमानिक नायकाच्या रेडिओ मालिकेला धरलं. आधी एका तेल कंपनीच्या पैशावर चाललेली ही मालिका आता देशभर गेली, 'सिक्रेट स्क्वॉड्रन' हे मुलांचं नवं गुप्त मंडळ स्थापन झालं आणि १९४१ मध्ये त्याचा पहिला बिल्ला आला, कोड-ओ-ग्राफ. माझा जीव सगळ्यात जास्त या मालिकेत आहे. भाग संपला की निवेदक पिअर आंद्रे (ॲनीच्या मालिकेतही हाच आवाज) सभासदांना कागद-पेन्सिल घ्यायला सांगायचा. आधी मास्टर कोडचा आकडा, म्हणजे चकती कुठे लावायची ते. मग एकामागून एक आकडे. सभासद नसलेल्या मुलाच्या कानावरही तेच आकडे पडत, पण त्याला त्यातून काही हाती लागत नसे.

चकती लावायची कशी, तर सांगितलेला आकडा ठरलेल्या जागी आणायचा. तसं केलं की सव्वीसच्या सव्वीस अक्षरांसमोर नवे आकडे येतात. मग ऐकलेला एकेक आकडा शोधायचा आणि त्याच्या समोरचं अक्षर उतरवायचं. पहिले चार-पाच आकडे कष्टाचे जातात. पुढे सरावलेलं डोकं आपोआप पळायला लागतं. इंग्रजीत 'ई' सारखा येतो, त्यामुळे परत परत दिसणारा आकडा कुणाचा हे चकतीकडे न बघताच सुचतं. दोन सारखे आकडे लागोपाठ आले की तिथे काय असेल याचा अंदाज बांधता येतो. संकेत फोडण्याच्या शास्त्रातली ही पहिली पायरी, अक्षरांची वारंवारता. ती कुणी शिकवावी लागत नाही, काम करता करता मुलाच्या लक्षात येते.

आणि ही युक्ती ओव्हल्टिनच्या जाहिरातवाल्यांनी शोधलेली नाही. इटलीतल्या लिओन बत्तिस्ता अल्बेर्ती या वास्तुविशारदाने १४६० च्या दशकात एकात एक बसणाऱ्या दोन चकत्यांचं संकेतचक्र मांडलं होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी तशी चक्रं वापरली. अल्बेर्ती एक पाऊल पुढे होता: संदेश लिहिता लिहिता मध्येच चकतीची जागा बदला, म्हणजे एकाच अक्षराला वेगवेगळी चिन्हं मिळतील, असं त्याचं सांगणं होतं. मुलांच्या बिल्ल्यात एका संदेशाला एकच जागा, म्हणून तो फोडायला सोपा. बिल्ला हाती असलेला कुणीही सव्वीस वेळा चकती फिरवून बघू शकतो. पण यंत्र तेच आहे. सैन्याने वापरलेलं यंत्र माल्टच्या डब्याच्या सीलवर घरी येत होतं.

इथे एक गैरसमज दूर करायचा आहे, कारण तो मला मनापासून खटकतो. एका लोकप्रिय हॉलिवूड चित्रपटात एक मुलगा मोठ्या आशेने संदेश सोडवतो आणि हाती येतं, ओव्हल्टिन प्यायला विसरू नका. तेव्हापासून जो तो मला तेच ऐकवतो. प्रत्यक्षात रेडिओवरचे संदेश बहुतेक पुढच्या भागात काय घडणार याची चुणूक देणारे असत. कोण संकटात आहे, कुठे धोका आहे, असे. उद्याची गोष्ट आज थोडीशी, तीही स्वतः कष्ट करून मिळवायची. जाहिरात काय ती उघडपणे, वेगळी व्हायची. मुलांशी केलेला शब्द पाळलेला होता, हे नोंदवून ठेवायला हवं.

युद्धाचा शिक्का या बिल्ल्यांवर स्पष्ट उमटलेला आहे. १९४२ च्या कोड-ओ-ग्राफमध्ये छोट्या फोटोची चौकट होती. आत कॅप्टन मिडनाइटचा फोटो, तो काढून मुलाने स्वतःचा लावायचा, म्हणजे बिल्ला ओळखपत्रही झाला. त्यानंतर १९४३ आणि १९४४ मध्ये नवा बिल्ला निघालाच नाही. धातू युद्धाकडे गेला होता. मुलांनी १९४२ चाच बिल्ला सांभाळून वापरला. १९४५ च्या बिल्ल्यात भिंग आलं, १९४६ मध्ये उन्हाचा कवडसा पाडून खुणा करायला आरसा, १९४७ चा तर अख्खा प्लास्टिकचा, वाजवायची शिट्टी असलेला. १९४९ चा शेवटचा मला रचनेच्या दृष्टीने सगळ्यांत हुशार वाटतो. त्यात एकमेकांत अडकणारी दोन दातेरी चाकं आहेत आणि त्यांची जुळणी बदलायला एक चिमुकली किल्ली. ती किल्ली बहुतेकांनी हरवली. किल्लीसकट बिल्ला मिळणं म्हणजे नशीब.

इतर कंपन्यांनीही बरंच काही वाटलं. १९४७ मध्ये किक्स या न्याहारीच्या सीरियलने पंधरा सेंट आणि खोक्याचं झाकण यांच्या बदल्यात अणुबाँबची अंगठी दिली. तिच्यात पोलोनियम हे खरोखरचं किरणोत्सारी मूलद्रव्य होतं आणि अंधारात डोळा लावला की आत प्रकाशाचे ठिपके लुकलुकताना दिसत. या पोलोनियमचं अर्धायुष्य १३८ दिवसांचं, म्हणजे तेवढ्या दिवसांत ते निम्मं होतं, त्यामुळे त्या अंगठ्या केव्हाच विझल्या. माझ्याकडे एक आहे, पण तिच्यावर माझं तेवढं प्रेम नाही. तिच्यात बघण्यापलीकडे मुलाला करण्यासारखं काही नव्हतं.

आता जमवण्याबद्दल. बाजारात किंमत येते ती न हाताळलेल्या, पाकिटातून काढला तसाच ठेवलेल्या बिल्ल्याला. १९४२ च्या बिल्ल्यात कॅप्टनचा मूळ फोटो शाबूत असेल तर भाव आणखी चढतो. मी नेमकं उलटं बघते. इथे अमेरिकेत, सेंट चार्ल्स गावच्या जुन्या बाजारात एकदा १९४२ चा बिल्ला मिळाला. चौकटीत शाळेच्या गट-फोटोतून कात्रीने कापलेलं एका मुलाचं तोंड होतं. कापताना शेजारच्याचा कानही आला होता. मागच्या बाजूला टोकदार काहीतरी घेऊन दोन आद्याक्षरं कोरलेली, दुसरं अक्षर निसटून पार कडेपर्यंत गेलेलं. विकणारा म्हणाला, फोटो मूळचा नाही म्हणून स्वस्तात देतो. मला तर ती वस्तू पूर्ण वाटली. कॅप्टनने सांगितलं तसं त्या मुलाने केलं होतं. मूळ फोटो तसाच असलेला बिल्ला म्हणजे सांगितलेलं काम न केलेला बिल्ला.

नव्याने जमवू पाहणाऱ्यांना माझ्या दोनच सूचना. पितळ घासून चमकवू नका. काळपटपणा राहू द्या, घासताना बारीक आकडे झिजतात आणि ते परत येत नाहीत. आणि छापील पुस्तिका दिसली तर बिल्ल्याआधी ती घ्या. पितळ टिकतं, कागद टिकत नाही. गुप्त खुणा, शपथ, चकती वापरायची रीत हे सगळं त्या पुस्तिकांत होतं. मालिकांची रेकॉर्डिंगही थोडीच उरली आहेत. एखाद्या रेकॉर्डिंगमध्ये आकडे वाचलेले मिळाले, तर त्याच वर्षीचा बिल्ला हाती घेऊन ते सोडवता येतात. मी ते केलेलं आहे, आणि त्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारलेली चालत नाही.

"आपल्याकडे असं काही नव्हतं ना?" हाही प्रश्न येतो. माल्टच्या पेयाने रेडिओवर मुलांना बसवून ठेवणं आपल्याकडेही झालं. बोर्नव्हिटाची प्रश्नमंजूषा १९७२ मध्ये सुरू झाली. पण संकेतासाठी आपल्याला डब्याच्या सीलची गरज पडली नाही. आपल्याकडे 'च'ची भाषा होती. 'मी घरी जातो' याचं 'चमी चरीघ चतोजा'. माझी थोरली बहीण आणि तिच्या मैत्रिणी ती इतक्या वेगाने बोलायच्या, की आजीला वाटायचं पोरी भांडतायत. पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि सुरुवातीला 'च' लावायचा, म्हणजे नियम एकच आणि तो सगळ्या आळीला ठाऊक. तरी मोठ्यांच्या कानाला तो पकडता यायचा नाही. लहान मुलांना आपापसात बोलायला कुंपण हवं असतं, हे मी तिथे शिकले आणि म्हणूनच बहुधा इथे अमेरिकेत ते पितळेचे बिल्ले पाहताक्षणी ओळखीचे वाटले.

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मी एकदा कपाटातले थोडे बिल्ले घेऊन गेले. मुलांनी खेळून बघितले आणि लगेच म्हणाली, मराठीत करू या. सव्वीस घरांत देवनागरी कशी मावणार? बसून जुळवलं ते असं. मोठ्या चक्रावर क ते ळ ही चौतीस व्यंजनं आणि पस्तिसावा 'अ', सुट्या स्वरांसाठी. बाराखडीला वेगळी पट्टी, तिच्यात तेराव्या घरात पाय मोडायचा. मग प्रत्येक अक्षराला दोन आकडे. चक्र सात घरं सरकवलं की 'शाळा' होते २-२, ६-२. जोडाक्षर आलं की पाय मोडून दोन तुकडे. 'ऋ'साठी चौदावं घर काढावं लागलं, कारण वर्गात एक कृष्णा होता आणि तो ऐकेना.

खरी मजा अनुस्वाराला आली. 'चिंच' लिहायची तर 'चि'वर इकार आणि टिंब दोन्ही, आणि पट्टीवर एका वेळी एकच घर. म्हणून टिंबाऐवजी अनुनासिक मोडून लिहायचं ठरलं: चि, ञ्, च. 'गंगा' म्हणजे ग, ङ्, गा. मुलं प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणून नाकातला आवाज नेमका कुठला ते तपासायला लागली आणि तक्त्यावर नुसते बसून असलेले ङ आणि ञ भराभर वापरले गेले. मग कुणीतरी 'सिंह' काढला. तिथे कुठलंच अनुनासिक लागू पडेना. आठ वर्षांच्या एका मुलीने आकड्याच्याच डोक्यावर टिंब दिलं. कृष्णाचं म्हणणं, असं टिंब दिलं की शत्रूला कळणार आतली लिपी देवनागरी आहे. तिचं म्हणणं, कळलं तर कळू दे, चक्र किती घरं सरकवलंय ते कुठे ठाऊक आहे त्याला? मी तिच्या बाजूची आहे. वर्गात मात्र दोन तट पडलेत आणि येत्या रविवारी त्यावर मतदान आहे.